कोजागिरीपर्यंत गिटार: रोजच्या प्रॅक्टिसच्या नोंदी

2 जून 2025, सोमवार

आजपासून लिहायला घेतेय. गिटार घरात येऊन तीन वर्षं झाली, या तीन वर्षांत "आता रोज वाजवायची" असं निदान पाच वेळा ठरवलं असेल, दोन आठवडे नीट चालतं मग ऑफिसात क्वार्टर एंडिंग येतं नाहीतर लेकीची परीक्षा, की गिटार परत कपाटाशेजारी उभी. या वेळी कारण पक्कं आहे म्हणून लिहून ठेवतेय.

मागच्या कोजागिरीला कल्याणला दादाच्या गच्चीवर बाबा गायले. तुकोबांचा अभंग, भूप रागातला. पेटीवाले काका आजारी होते, तबला नाही, नुसत्या टाळावर गायले आणि तरी सगळी गच्ची गप्प झाली. मी शेजारी दुधाचं पातेलं ढवळत बसले होते आणि सारखं वाटत होतं की मागे काहीतरी हळू वाजत असायला हवं होतं. दूध वाटता वाटता बोलून गेले, बाबा पुढच्या वर्षी मी वाजवते तुमच्याबरोबर. बाबा म्हणाले "वाजव की". बाबा आता 74 चे आहेत. या वर्षी कोजागिरी 6 ऑक्टोबरला आहे, म्हणजे चार महिने.

रोज 25 मिनिटं, जास्त नाही. लेक साडेनऊला झोपते, त्यानंतर. पहिली पाच मिनिटं बोटं मोकळी करायला सा रे ग म चे पलटे, मग दहा मिनिटं फक्त जिथे अडतं तेवढंच, शेवटची दहा मिनिटं अभंग. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्डिंग.

आजची मोजणी, एका मिनिटात एका कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांचा गट) दुसरीवर किती वेळा जाता येतं ते. सी ते ए मायनर 31, सी ते जी 22, जी ते डी 24. सी ते एफ 6, आणि त्या सहांतही सगळ्या तारा बोलल्या अशा फक्त दोन.

बाबांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी हा त्यांचा सा. म्हणजे कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघा म्हणजे फ्रेट) लावायचा आणि सी फॅमिलीतल्या कॉर्ड वाजवायच्या. सी, एफ, जी, ए मायनर. सगळं घोडं एफ वर अडलंय.

5 जून

बसले. 25 मिनिटं पूर्ण.

9 जून

डाव्या हाताच्या बोटांची टोकं इतकी दुखतायत की ऑफिसात कीबोर्डवर टाइप करताना पण जाणवतं. दुसऱ्या दिवशी वाजवणं बंद करायचं नाही हे ठरलेलं आहे त्यामुळे तारा बदलल्या. गिटारवर आधी 12 चा सेट होता, म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.012 इंचाची. आता 10 चा घातला, सगळ्यात बारीक 0.010. फरक लगेच हाताला कळला, तार दाबायला जोर कमी लागतो. आवाज थोडा पातळ झालाय, विशेषतः जाड तारांचा, पण ते चालेल. सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर पहिलं वर्ष एवढं रडत गेलं नसतं. नव्याने शिकणाऱ्याच्या हातात जाड तारांची, उंच ऍक्शनची (म्हणजे तारा फ्रेटपासून उंच असलेली) गिटार देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला साडी नेसवून पाण्यात सोडण्यासारखं आहे, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

14 जून, शनिवार

आज ऍक्शन मोजली. लेकीच्या कंपासमधली पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत. साडेतीन मिलिमीटरच्या थोडं वर. एप्रिलमध्ये मोजली होती तेव्हा तीनच्या आत होती, वहीत लिहिलेलं सापडलं.

यंदा मान्सून 26 मे लाच मुंबईत आला, तेव्हापासून घरात सगळंच दमट आहे, पापड सादळतात, मीठ पाझरतं, तशी गिटारही. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, पुढची फळी पोटासारखी वर येते, तिच्यावरचा ब्रिज (जिथे तारा अडकवलेल्या असतात) वर उचलला जातो आणि तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात. गिटारच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसाळ्यात 85 च्या पुढे सहज जाते. म्हणजे मी जोर कमी पडतो म्हणून स्वतःला दोष देत होते आणि इकडे तार रोज थोडी थोडी वर चाललेली.

ओळखीच्या माणसाकडून सेटिंग करून घेतलं. त्याने ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) थोडी फिरवून मान सरळ केली आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात तो तुकडा) खालून घासून कमी केला. आता जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन मिलिमीटरच्या आसपास आहे. कपाटाशेजारची जागा बंद. आता गिटार केसमध्ये, आत सिलिका जेलच्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यांतून निघतात त्याच. दर रविवारी पुड्या बदलायच्या.

19 जून

लोकल एक तास रखडली, घरी साडेदहाला. 8 मिनिटं वाजवली. पण वाजवली.

24 जून

एफ चं एक गणित सुटलं आणि ते लिहिलंच पाहिजे.

इतके दिवस मी तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकून सगळ्या तारा सारख्याच जोरात दाबायचा प्रयत्न करत होते आणि अंगठ्याच्या बुडाशी गोळा येत होता. आज कॉर्ड धरून एकेक तार वेगळी छेडली आणि बघितलं की कोणती तार नक्की कोणत्या बोटावर आहे. सहापैकी तीन तारा तर बाकीच्या बोटांनी पुढच्या फ्रेटवर दाबलेल्याच असतात! तर्जनीला खरं काम फक्त तीन तारांचं आहे, सगळ्यात जाड आणि खालच्या दोन बारीक. मधल्या तिघींवर बोट नुसतं टेकलेलं असलं तरी चालतं. म्हणजे बोट सरळ काठीसारखं ताठ करायची गरजच नाही, मधे जरा कमान राहिली तरी हरकत नाही. वर आणि बोट सपाट पालथं न टाकता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं ठेवलं तर तिथे हाड लागतं, मांस नाही, आणि बारीक तार बोटाच्या पेरांमधल्या खाचेत अडकत नाही. मला वाटतं माझी बारीक तार मरायची ती या खाचेमुळेच.

दुसरं म्हणजे पहिल्या फ्रेटवर बार कॉर्ड (अशी बोट आडवं टाकून धरायची कॉर्ड) सगळ्यात जड, कारण शेजारीच नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आहे आणि तिथे तार ताणलेली, उंच असते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला की ए ची कॉर्ड होते आणि तिथे तार लोण्यासारखी दबते. म्हणून आता पाचव्या फ्रेटवरून सुरुवात, दर तीन दिवसांनी एक फ्रेट खाली यायचं.

30 जून

क्वार्टर एंडिंग. रात्री साडेअकराला घरी. जेवले, गिटार बाहेर काढली, पाचच मिनिटं तिसऱ्या फ्रेटवर बार धरून एकेक तार छेडली आणि ठेवून दिली. नवरा म्हणाला आज राहू दे ना, पण आज राहू दिलं की उद्याही राहील हे मला माहितीये.

6 जुलै, रविवार, आषाढी एकादशी

महिन्याची मोजणी. सी ते ए मायनर 44, सी ते जी 37, जी ते डी 36. सी ते एफ 15, त्यात स्वच्छ 9.

सी ते ए मायनर आपोआप वाढलं त्याचं कारण आज कळलं. सी मधून ए मायनरला जाताना दोन बोटं जागची हलतच नाहीत, फक्त अनामिका जाड बाजूची तार सोडून आत येते. मी पूर्वी तिन्ही बोटं उचलून परत नव्याने ठेवायचे. म्हणजे हात सुधारला त्यापेक्षा जास्त मी उचलणं बंद केलं. चूक कॉर्डमध्ये नसते, दोन कॉर्डच्या मधल्या हवेत असते, आणि ती हवा मी कधी बघितलीच नव्हती. आता कुठलीही जोडी घेतली की आधी बघते कुठलं बोट राहू शकतं, कुठलं नुसतं तारेवरून घसरत जाऊ शकतं, आणि जे उचलावंच लागतं ते किती कमी उचलता येईल.

बाबांना फोन केला, उपास होता त्यांचा, आवाज दमल्यासारखा वाटला. म्हणाले "चाललंय का गं तुझं टुणटुण?" चाललंय म्हटलं.

13 जुलै

डावं मनगट दुखतंय. चारपाच दिवस होतंच, अंगावर काढलं. आज चहाचा कप उचलताना कळ आली. बंद.

15 जुलै

बंद ठेवलंय पण अभंग कानात. ट्रेनमध्ये बाबांचं मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग ऐकते आणि मांडीवर बोटांनी आठ मात्रा मोजते. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि आज पहिल्यांदा नीट ऐकलं की बाबा शब्द बरेचदा समेच्या (पहिल्या मात्रेच्या) जरा आधी उचलतात. मी समेवर वाट बघत बसले तर त्यांच्या मागेच राहणार.

20 जुलै, रविवार

आठवडाभराने परत. मनगट का दुखलं ते शोधायला फोन टेबलावर उभा करून स्वतःचा व्हिडिओ काढला. पलंगावर मांडी घालून बसत होते, गिटार पोटाशी पालथी पडल्यासारखी, आणि फ्रेटबोर्ड दिसावा म्हणून मी तो माझ्याकडे वळवायचे. त्यामुळे मनगट पार आत मुडपलेलं. आता बिनहाताची जेवणाची खुर्ची, डाव्या पायाखाली लेकीचा बाथरूममधला छोटा स्टूल, गिटार डाव्या मांडीवर, मान वर तिरपी. मनगट जवळजवळ सरळ राहतं. फ्रेटबोर्ड दिसत नाही, पहिले दोन दिवस चाचपडायला होतं, पण दिसत नाही हे बरंच आहे कारण गच्चीवर अंधारातच वाजवायचंय.

कुणाला मनगट दुखत असेल तर खरंच अंगावर काढू नका. बोटाची टोकं दुखणं वेगळं, ते घट्टे पडले की थांबतं. सांधा, मनगट, कोपर दुखलं की त्याच मिनिटाला गिटार खाली ठेवायची.

28 जुलै

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर, सी एफ जी सी, प्रत्येक कॉर्डला चार ठोके. तिसऱ्या फेरीपर्यंत पोचते मग एफ ला पाय अडकतो. 50 वर आणला. 50 वर दहाच्या दहा फेऱ्या नीट. इतकं सावकाश वाजवणं 60 पेक्षा कठीण आहे, दोन ठोक्यांच्या मधे जी पोकळी असते तिथे हात घाई करतो. पण 50 वर जे बसलं ते दुसऱ्या दिवशीही हातात असतं, आणि 70 वर धडपडत केलेलं सकाळी काहीच उरत नाही, हे मी आता दोन महिने रोज बघतेय.

3 ऑगस्ट

सी ते एफ 24, स्वच्छ 21. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे कॅपो लावून दुसऱ्यावर. मी दोनदा मोजलं. लेक जागीच होती, तिला दाखवलं, ती म्हणाली "आई सगळ्या वाजल्या". हो गं, सगळ्या वाजल्या.

9 ऑगस्ट, शनिवार, राखी

दादाकडे गेले, गिटार घेऊन. जेवणं झाल्यावर बाबांसमोर बसले, कॅपो लावला, बाबांनी टाळ न घेता नुसतं गुणगुणत अभंगाचं ध्रुपद (पालुपद) सुरू केलं आणि मी सी, एफ, जी, सी असं जसं दोन महिने बसवलंय तसं वाजवलं.

दुसऱ्याच ओळीला बाबा थांबले. रागावले वगैरे नाहीत, फक्त कपाळाला आठी. म्हणाले, "सुरुवात गोड वाटते गं, पण मधेच हा कुठला सूर आणतेस? मध्यम कसा आला भूपात?"

मी म्हटलं बाबा तो एफ आहे, या पट्टीत असतोच. त्यांनी पेटी ओढली, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सा रे ग प ध सा, सावकाश, दोनदा. "म नाही, नी नाही. वर्ज्य. तू तो वाजवलास की माझा गळा तिकडे ओढला जातो, मला सावरावं लागतं. आणि ते दुसरं वाजवतेस ना, त्यात निषाद बोलतो." दुसरं म्हणजे जी.

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा मी गिटार मांडीवर आडवी ठेवून बसले होते. दोन महिने त्या एका कॉर्डवर घालवले आणि ती या अभंगात नकोच आहे. बाबांना बहुतेक माझा चेहरा दिसला, म्हणाले "सा वाजवतेस ना तो फार छान लागतो. तोच वाजव."

10 ऑगस्ट, रविवार

सकाळीच लेकीची जुनी वही घेतली आणि बसले. सी ला सा धरलं तर डी रे, ई ग, एफ म, जी प, ए ध, बी नी. आता एकेका कॉर्डमध्ये काय आहे ते लिहून काढलं.

सी म्हणजे सा ग प, चालेल. ए मायनर म्हणजे ध सा ग, चालेल. जी म्हणजे प नी रे, त्यात नी. ई मायनर ग प नी, परत नी. डी मायनर रे म ध, त्यात म. एफ म ध सा. म्हणजे शिकवणीत पहिल्या महिन्यात ज्या सहा कॉर्ड शिकवतात त्यातल्या चार भूपात बाहेरच्या. बाबांनी पेटीवर दोन मिनिटांत जे सांगितलं ते मला इंटरनेटवर दोन महिन्यांत दिसलं नव्हतं, कारण मी "अभंग कॉर्ड" शोधत होते, राग शोधतच नव्हते. चूक माझी आहे. गाणाऱ्या माणसाला आधी विचारायला हवं होतं.

मग उलटं सुरू केलं. कॉर्ड शोधायचीच नाही, सूर शोधायचे. म आणि नी जिथे येतात त्या तारा एकतर बंद करायच्या नाहीतर बोट सरकवायचं. दुपारपर्यंत हे सापडलं (तारा जाडीकडून ई ए डी जी बी ई): अनामिका बी च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, करंगळी त्याच्या खालच्या बारीक तारेवर तिसऱ्या फ्रेटला. तिथे रे आणि प मिळतात. ही दोन बोटं तिथून उचलायचीच नाहीत, अख्खा अभंग. बाकीची दोन बोटं फक्त वर हलतात. मधलं बोट ए च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि तर्जनी डी च्या तारेवर दुसऱ्याला ठेवली की सा ची कॉर्ड. मधलं बोट सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला नेलं, त्याच्याच टोकाने ए ची तार हलकेच दाबून मुकी केली, तर्जनी उचलली, की प ची कॉर्ड, पण त्यात निषाद नाही, फक्त प आणि रे. फक्त तर्जनी जी च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवली आणि डी ची तार मोकळी छेडली की रे प ध. आणि मधलं बोट डी च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, ए ची तार मोकळी, की धैवत खाली बोलतो आणि वर ग प रे.

चारही आकारांत म नाही, नी नाही. आणि खालच्या दोन तारा सतत वाजत राहतात ना, त्या तंबोऱ्याच्या जोडासारख्या वाटतात. मी एकटीच हॉलमध्ये सा वरून प वर आणि परत सा वर असं अर्धा तास करत बसले. नवरा भाजी चिरता चिरता बाहेर आला आणि काही न बोलता तिथेच स्टूलवर बसला.

16 ऑगस्ट

सा ते प, मिनिटाला 52. बोटं उचलावीच लागत नाहीत त्यामुळे. सा ते ध 41, तिथे अजून डी च्या तारेवर मधल्या बोटाचा नेम चुकतो.

करंगळीवर ताण येतोय, ती सतत दाबलेली असते. सलग चार मिनिटांच्या वर नाही, मग हात खाली सोडून हलवायचा.

27 ऑगस्ट, गणपती बसले

दीड दिवसाचा आपला. पाहुणे, मोदक, आरत्या. रात्री बारा वाजता दहा मिनिटं.

7 सप्टेंबर, रविवार

रेकॉर्डिंग ऐकलं. सूर बरोबर, कॉर्ड बरोबर, पण सगळं जरासं उशिरा. प्रत्येक वेळी बदल समेच्या केसभर मागे पडतो. मन लावून चारपाचदा ऐकल्यावर लक्षात आलं की मी आठवी मात्रा पूर्ण वाजवते आणि मग बोटं हलवते, म्हणजे हलवायला लागणारा वेळ समेतून जातो. आठव्या मात्रेच्या मध्यातच डावा हात सोडून द्यायचा. तेव्हा उजव्या हाताने मोकळ्या तारा वाजल्या तरी कानाला खटकत नाही, एक हलका श्वास घेतल्यासारखं वाटतं, पण समेवर जाड तार ठणकन लागली पाहिजे. आजचं सगळं काम तेवढंच, आठवी मात्रा आणि पहिली मात्रा. पंचवीस मिनिटं दोन मात्रांवर.

14 सप्टेंबर

कालचं आज आपोआप येतंय. झोपेत हात काहीतरी करत असावेत.

21 सप्टेंबर, रविवार, कल्याण

बाबांबरोबर पूर्ण अभंग, तीनदा. टाळ दादाकडे. भूप भूपासारखा वाटला, बाबांनी डोळे मिटले ते दुसऱ्या कडव्यापर्यंत उघडले नाहीत.

दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे बाबा गंधारावर (ग वर) लांब थांबतात आणि मी तेव्हा सा ची कॉर्ड छेडली की त्यांना टोचतं. "तुझा गंधार चढा आहे." ट्यूनरवर तर सगळं बरोबर. घरी आल्यावर वाचलं तेव्हा उलगडा झाला. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा जो नैसर्गिक गंधार आहे तो त्या भागापेक्षा जवळपास 14 सेंट उतरलेला असतो, म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा सातवा हिस्सा. बाबा आयुष्यभर तंबोऱ्यावर गायलेत, आता फोनवरचा तंबोरा लावतात, त्यांचा कान तो सातवा हिस्सा ऐकतो. उपाय साधा निघाला, सा च्या कॉर्डमधून तर्जनी उचलून टाकायची. डी ची तार मोकळी राहते, सा रे प रे प एवढंच वाजतं. गंधार मी वाजवायचाच नाही, तो बाबांचा.

दुसरी गोष्ट गजराची. शेवटी नामाचा गजर सुरू झाला की लय चढत जाते, बाबा साधारण 70 ला सुरू करतात आणि शेवटी 120 च्या पुढे असतात, मेट्रोनोम असं कधी करत नाही. माझा उजवा हात 100 ला आखडला. आता रोज पाच मिनिटं दादाचा टाळ रेकॉर्ड करून आणलाय त्याच्याबरोबर.

28 सप्टेंबर

गजर 110 पर्यंत. मनगटातून वाजवलं तर जमतं, कोपरातून वाजवलं की दमायला होतं. पिक (तारा छेडायचा छोटा तुकडा) जाड होतं ते बदलून पातळ घेतलं.

2 ऑक्टोबर, दसरा

गिटारची पूजा केली, पेटीची बाबांनी तिकडे केली, फोटो पाठवला. त्यानंतर वाजवली नाही, सरस्वतीपूजनाच्या दिवशी वाद्य पाटावर असतं आमच्याकडे. जूनपासून ठरवून न वाजवलेला हा पहिलाच दिवस, मनगटाचा आठवडा सोडला तर.

5 ऑक्टोबर

पूर्ण अभंग अंधारात, दिवा बंद करून. दोनदा. झोपते.

6 ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

रात्रीचा दीड वाजलाय, आत्ताच घरी आलो, लिहून झोपते.

गच्चीवर चंद्र ढगात येत जात होता. गिटार घरात लावून नेली होती तरी वर गेल्यावर जरा उतरली, आणि कॅपो लावल्यावर जी ची तार उलट चढली, कॅपोच्या दाबाने तार ताणते म्हणून. कॅपो लावून झाल्यावर परत लावली, सगळे थांबले तेवढा वेळ. बाबांनी तंबोरा सुरू करून फोन उपड्या पातेल्यावर ठेवला म्हणजे आवाज जरा मोठा येतो.

पहिली ओळ बाबांनी एकट्याने घेतली, मी समेवर आत आले. जाड तार लागली आणि बाबांनी मान जराशी माझ्याकडे वळवली, एवढंच. दुसऱ्या कडव्यात ध वर जाताना मधलं बोट चुकलं, एक तार मेली, पण बाकीची दोन बोटं जागेवर होती त्यामुळे रे आणि प वाजत राहिले आणि कुणाला कळलं नाही. बाबा गंधारावर थांबले तेव्हा मी हात हलका केला. किती वेळ थांबले होते ते, मोजलं नाही.

गजराला मी 110 नंतर टिकले नाही. स्ट्रमिंग सोडलं आणि नुसती जाड तार पहिल्या आणि पाचव्या मात्रेला, सा आणि प. ते तसंच चांगलं वाटलं, टाळ इतके वाजत होते की वर काही लागतच नव्हतं. लेक टाळ्या वाजवत आजोबांच्या मांडीला टेकून बसली होती.

दूध थंड झालं होतं माझं. बाबांनी स्वतःचा पेला दिला.

8 ऑक्टोबर

बाबांचा फोन, सकाळी साडेसहाला, मी डबा भरत होते. "कार्तिकीला भीमपलासातला घेऊ एक. ग आणि नी कोमल, आणि यात मध्यम पाहिजे बरं का, मध्यम वादी आहे, मुख्य सूर."

म्हणजे म ध सा. म्हणजे एफ.

रात्री खुर्चीवर बसले, कॅपो पहिल्या फ्रेटवर, दोन महिन्यांनी एफ धरली आणि वरून खाली एकेक तार छेडली. सहाही बोलल्या. दुसरी कॉर्ड सी मायनर लागेल, तीही बारच, तिसऱ्या फ्रेटवर. सी मायनर ते एफ, आजची मोजणी: मिनिटाला 11, स्वच्छ 7.